मंदावलेले दहा किलोमीटर

लांबच्या प्रवासाला निघताना माझ्या पिशवीत एक लहानशी वही असते. खिडकीची जागा मिळाली की मी रुळांच्या कडेचे किलोमीटरचे खांब हुडकू लागते. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं आणि ३६०० ला त्या आकड्याने भागायचं. छत्तीस सेकंद लागले तर गाडी ताशी शंभर किलोमीटरने चालली आहे. तीस लागले तर एकशेवीस. हा नाद लहानपणापासूनचा आहे. खांब भराभर मागे पडू लागले की छातीत काहीतरी हलकं होतं, ते अजूनही होतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासात मी वहीत एकाखाली एक ‘९०’ लिहीत गेले. नव्वद सेकंद, पुन्हा नव्वद, मग अठ्ठ्याऐंशी, परत नव्वद. ताशी चाळीस किलोमीटर. सलग दहा किलोमीटर गाडी तशीच चालत राहिली. बाहेर स्टेशन नव्हतं, घाट नव्हता, सिग्नलही लाल नव्हता. होता तो एक जुना पूल, त्याच्या अलीकडे-पलीकडे खचलेला भराव आणि त्यापायी घातलेली वेगमर्यादा. रुळांना लागूनच रस्ता होता आणि त्यावरची वाहनं आम्हाला मागे टाकून जात होती. समोरच्या बाकावरचा एक तरुण बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होता. मग त्याने फोनवर कुणाला तरी सांगितलं, “पुढच्या वेळी बसनेच येतो.” आवाजात राग नव्हता. त्याने फक्त निर्णय घेतला होता.

त्या दहा किलोमीटरांचा हिशेब मी त्याच बाकावर मांडला. चाळीसच्या वेगाने दहा किलोमीटरला पंधरा मिनिटं लागतात. पट्टा दुरुस्त करून ऐंशीने गाडी नेली तर साडेसात. म्हणजे साडेसात मिनिटं वाचली. आता हीच साडेसात मिनिटं दुसरीकडून काढायची ठरवली, समजा जिथे गाडी आधीच ताशी १६० ने धावते तिथे वेग २०० वर नेऊन, तर किती लांबीचा मार्ग बदलावा लागेल? शंभर किलोमीटर. सरळ केलेली वळणं, नवे सिग्नल, फाटकांच्या जागी पूल, हे सगळं शंभर किलोमीटरभर. उत्तर मी दोनदा तपासून पाहिलं.

तेव्हापासून रेल्वेच्या वेगाबद्दलचं काहीही वाचताना माझं बोट आधी सर्वात मंद तुकड्यावर जातं. घोषणेत कमाल वेग असतो; प्रवाशाच्या वाट्याला येते ती सरासरी. आणि सरासरी बुडते ती अशा पुलांवर, शहरात शिरतानाच्या गुंतागुंतीच्या सांध्यांवर, एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी ताटकळण्यात, आणि शेवटच्या दोन स्टेशनांच्या मध्ये वेळापत्रकात कोंबून ठेवलेल्या फाजील मिनिटांत. या शेवटच्या प्रकाराचा मला फार त्रास होतो. सगळ्या वाटेवरचा उशीर पोटात घालता यावा म्हणून शेवटच्या टप्प्याला दुप्पट वेळ दिलेला असतो. गाडी कागदावर वेळेत पोचते आणि माणसाचा अर्धा तास रोज, न चुकता, जातो.

शहरा-शहरांमधल्या प्रवासी गाड्या पुन्हा सुरू करण्याची चर्चा आता जगात बऱ्याच ठिकाणी चालते. बंद पडलेले मार्ग उघडा, रद्द झालेल्या गाड्या परत आणा. अशी बातमी वाचून मला मनापासून आनंद होतो. पण लगेच मनात येतं, ही गाडी गेली कशी होती? कारण गाड्या एकाएकी बंद होत नाहीत. आधी त्या मंदावतात. मग त्यांच्या फेऱ्या कमी होतात, मग वेळा अडनिड्या होतात, मग डबे रिकामे दिसू लागतात, आणि मग कुणीतरी त्या रिकाम्या डब्यांकडे बोट दाखवून म्हणतं, लोकांनाच नको आहे.

शिकागो ते मिलवॉकी हे अंतर सुमारे १३७ किलोमीटरचं. १९३० च्या दशकात ‘हायवाथा’ नावाची गाडी, वाफेच्या इंजिनावर, ते ७५ मिनिटांत कापत असे. आज त्याच नावाची, अमेरिकेच्या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीची, म्हणजे अ‍ॅमट्रॅकची गाडी त्याच दोन शहरांमध्ये धावते आणि तिला दीड तासाच्या आसपास लागतात. मधल्या काळात काय काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९४६ साली शिकागोजवळ नेपरव्हिल इथे थांबलेल्या एका एक्स्प्रेसवर मागून दुसरी एक्स्प्रेस आदळली आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. पुढच्या वर्षी नियामक आयोगाने आदेश काढला की ताशी ८० मैल किंवा त्याहून जास्त वेगाने गाडी न्यायची असेल, तर इंजिनातच सिग्नल दाखवणारी किंवा गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा हवी. मागणी रास्त होती. पण प्रवासी वाहतुकीवर खर्च करण्याची इच्छा कंपन्यांमध्ये ओसरत चालली होती, आणि बहुतेक मार्गांवर त्यांनी यंत्रणा बसवण्याऐवजी वेग ७९ मैलांवर आणून ठेवला. म्हणजे ताशी १२७ किलोमीटर. तो आकडा अमेरिकेतल्या कितीतरी मार्गांवर आजही तसाच आहे. दरम्यान सरकारी पैशातून महामार्ग झाले, विमानतळ झाले. १९६७ साली टपाल खात्याने गाड्यांमधून टपाल नेण्याचे बहुतेक करार संपवले आणि ज्या गाड्या त्या उत्पन्नावर तग धरून होत्या त्या कोसळल्या. १ मे १९७१ रोजी अ‍ॅमट्रॅकने कारभार हाती घेतला, त्या दिवशी उरलेल्या गाड्यांपैकीही जवळजवळ निम्म्या थांबल्या.

जर्मनीत १९३३ साली बर्लिन ते हॅम्बुर्ग हे २८६ किलोमीटर अंतर ‘फ्लीगेंडर हॅम्बुर्गर’ नावाची डिझेलवरची दोन डब्यांची गाडी १३८ मिनिटांत पार करत होती. नंतर युद्ध झालं, देश दुभंगला, आणि तो वेळ पुन्हा गाठायला सहा दशकांहून जास्त काळ गेला. एकदा मिळवलेला वेग आपोआप टिकत नाही, हे या दोन उदाहरणांनी मला शिकवलं. रोज सकाळी कुणीतरी रुळांवरून पायी चालत जाऊन तपासतं, ढिले झालेले सांधे आवळतं, खडी सारखी करतं, तेव्हा तो टिकतो. हे काम करणाऱ्या माणसांचं नाव कोनशिलेवर कधी नसतं.

ब्रिटनची कथा सर्वांना ठाऊक असलेली. १९६३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला आणि त्यात २,३६३ स्थानकं व सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग बंद करण्याची शिफारस होती. सगळी अमलात आली नाही, पण बरीचशी आली. त्या काळातल्या बंद झालेल्या मार्गांपैकी एडिंबराहून दक्षिणेला कार्लाइलपर्यंत जाणारा ‘वेव्हर्ली रूट’ माझ्या मनात विशेष घर करून आहे. १९६९ च्या जानेवारीत त्यावरून शेवटची गाडी निघाली, लंडनला जाणारी रात्रीची स्लीपर. न्यूकॅसलटन नावाच्या छोट्या गावात लोकांनी मध्यरात्री फाटक लावून घेतलं आणि रुळांवर उभे राहिले. गावच्या पाद्र्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्या भागाचे खासदार डेव्हिड स्टील त्याच गाडीत होते. त्यांनी खाली उतरून मध्यस्थी केली. पाद्र्यांना सोडल्यावर लोक बाजूला झाले आणि गाडी पुढे गेली. थंडीतल्या त्या रात्री, गाडी निघून गेल्यावर घरी परतणाऱ्या लोकांचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. आपल्याला सोडून जाणारी शेवटची गाडी त्यांनी थोडा वेळ का होईना, धरून ठेवली होती.

सेहेचाळीस वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, त्याच मार्गाचा उत्तरेकडचा तुकडा ‘बॉर्डर्स रेल्वे’ या नावाने पुन्हा सुरू झाला. एडिंबरा ते ट्वीडबँक, पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. पहिल्याच वर्षात दहा लाखांहून अधिक प्रवास झाले. ‘लोकांनाच नको आहे’ या वाक्याला याहून सरळ उत्तर नसेल. तरीही या यशात एक सल आहे. खर्च आवरण्यासाठी मार्ग बहुतांशी एकेरी ठेवला गेला, गाड्या एकमेकींना ओलांडतील असे दुहेरी तुकडे मोजकेच केले, आणि काही नवे पूल तर एकाच रुळाला पुरतील एवढ्याच रुंदीचे बांधले. एकेरी मार्गावर एक गाडी पाच मिनिटं उशिरा आली की समोरची तिच्यासाठी थांबते, तिचा उशीर तिच्यामागचीला लागतो, आणि सकाळची पाच मिनिटं सगळ्या दिवसभर पसरतात. पुढे कधी फेऱ्या वाढवायच्या, वेग वाढवायचा, तर आधी ते अरुंद पूल आड येतील. न्यूकॅसलटनला गाडी अजून पोचलेली नाही. तिथल्या ज्या मुलांनी त्या रात्री आईबापांचा हात धरून फाटक पाहिलं असेल ती आता साठी ओलांडून गेली.

अमेरिकेत बॉस्टन आणि मेन राज्यातलं पोर्टलंड यांच्यामधली प्रवासी गाडी १९६५ साली बंद झाली होती. १९८९ मध्ये काही नागरिकांनी गट स्थापन करून पाठपुरावा सुरू केला आणि डिसेंबर २००१ मध्ये ‘डाउनईस्टर’ धावू लागली. बारा वर्षं! आणि त्यातला मोठा काळ एका प्रश्नावर गेला: मालगाड्यांसाठी राखलेल्या त्या रुळांवरून प्रवासी गाडी किती वेगाने जाऊ द्यायची. मालक कंपनी ६० मैलांच्या खाली अडून बसली होती, अ‍ॅमट्रॅकला ७९ हवे होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, गाडी तर सुरू होते आहे, एवढ्यासाठी काय भांडायचं. पण त्या लोकांना नेमकं कळलं होतं की वीस मैलांचा तो फरक गेला तर गाडी आली तरी लोक तिच्यात बसणार नाहीत. दिवसाला चार फेऱ्यांनी सुरुवात झाली. पुढे मार्ग सुधारला, बाजूचे रूळ टाकले, तशी पाचवी फेरी आली, आणि २०१२ मध्ये गाडी पोर्टलंडच्या पुढे ब्रन्सविकपर्यंत गेली. एकदम काही झालं नाही. थोडं मिळवलं, ते टिकवलं, मग पुढचं मागितलं. मला ही रीत फार आवडते.

त्याच देशात न्यू ऑर्लिन्स आणि मोबाइल या दोन शहरांमधली गाडी २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर थांबली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये परत आली. दिवसाला दोन फेऱ्या, वाटेत मिसिसिपीच्या किनाऱ्यावरची चार गावं. वीस वर्षांनी त्या फलाटांवर माणसं उभी राहिली हे पाहून मला भरून आलं. पण सव्वादोनशे किलोमीटरच्या या प्रवासाला पावणेचार तासांच्या आसपास लागतात, आणि मोटारीने तो दोन-अडीच तासांत होतो. ज्यांच्याकडे मोटार नाही, ज्यांना चालवता येत नाही, म्हातारी माणसं, विद्यार्थी, त्यांच्यासाठी ही गाडी आजही मोलाची आहे. पण ज्याच्या दारात मोटार उभी आहे त्याला ती सोडून स्टेशनवर यावंसं वाटायला हवं असेल, तर मधला तास-सव्वा तास कुठे जातो ते किलोमीटर-किलोमीटरने शोधावं लागेल. तिथे जाणारा बराच वेळ रुळांच्या मालकीत अडकलेला आहे. अमेरिकन कायद्याने प्रवासी गाडीला मालगाडीच्या आधी वाट मिळायला हवी असं १९७० च्या दशकापासून म्हटलं आहे. पण मालगाडी बाजूच्या लूपमध्ये, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या जादा रुळावर, मावणार नाही एवढी लांब असली की कायदा काहीही म्हणो, लूपमध्ये शिरते ती प्रवासी गाडीच.

स्पर्धा करायची म्हणजे कुणाशी? अंतर कमी असेल तर मोटारीशी, जास्त असेल तर विमानाशी. विमानाशी असलेल्या स्पर्धेचं गणित आता जगभर बऱ्यापैकी पक्कं झालं आहे. रेल्वेचा प्रवास दोन तासांत होत असेल तर बहुतेक सगळे प्रवासी गाडीकडे वळतात. तीन तासांपर्यंत गाडीचं पारडं जड राहतं. साडेचार-पाच तासांच्या पुढे ते विमानाकडे झुकतं. विमान हवेत तासभरच असतं, पण विमानतळ गावाबाहेर, तपासणीची रांग, सामानाची वाट. गाडी गावाच्या मध्यातून निघते आणि गावाच्या मध्यात उतरवते. म्हणून सहा तासांचा प्रवास पाचवर आणला तर टाळ्या मिळतात, प्रवासी फारसे मिळत नाहीत. तोच साडेतीनवरून अडीचवर आणला की चित्र पालटतं. दोन्हीकडे तासच वाचला!

माद्रिद–बार्सिलोना हे ६२१ किलोमीटर अंतर. त्यांच्यामधला विमानांचा ‘हवाई पूल’ जगातल्या सर्वात गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी होता. फेब्रुवारी २००८ मध्ये वेगवान रेल्वेमार्ग पूर्ण झाला, वेगवान गाड्या अडीच तासांच्या आसपास पोचवू लागल्या, आणि विमानाने जाणाऱ्यांतले बरेच लोक रुळांवर आले. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये त्याच रुळांवर आणखी दोन कंपन्यांच्या गाड्या धावू लागल्या, भाडी उतरली आणि प्रवासी आणखी वाढले. जर्मनीत डिसेंबर २०१७ मध्ये बर्लिन–म्युनिक प्रवास सहा तासांवरून चारपर्यंत खाली आला, तर वर्षभरात तिथले प्रवासी दुपटीहून जास्त झाले.

स्पेनच्याच माद्रिद–सेव्हिल मार्गाची एक गोष्ट मला वेगापेक्षाही मोठी वाटते. हा मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत रेल्वेने जाहीर केलं की आमच्या चुकीने गाडी पाच मिनिटांहून जास्त उशिरा पोचली, तर तिकिटाचे सगळे पैसे परत. पाच मिनिटं! असं वचन देण्यासाठी आत किती गोष्टी घट्ट बसवाव्या लागल्या असतील. बैठकीची वेळ ठरवताना माणूस मनात अर्धा तास जादा धरून चालतो, कारण गाडीचा भरवसा नसतो. भरवसा आला की तो अर्धा तास सुटतो, आणि एकही रूळ न बदलता प्रवास अर्ध्या तासाने छोटा होतो.

आता स्वित्झर्लंड. तिथे थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रेल्वेतले काही तरुण अभियंते फावल्या वेळात एकत्र बसत. त्यांच्या गटाला ‘स्पिनर क्लब’ म्हणत, म्हणजे वेड्यांची मंडळी. त्यांची कल्पना अशी की सगळ्या देशात, सगळ्या मार्गांवर, दर तासाला त्याच मिनिटाला गाडी असावी. आठ वाजून दोन मिनिटांनी असेल तर नऊ वाजून दोनलाही आणि रात्री नऊ वाजून दोनलाही. वेळापत्रक पाहायची गरज उरू नये. १९८२ मध्ये ते देशभर लागू झालं. पुढची पायरी डिसेंबर १९८७ मध्ये लोकांनी मतदानाने मंजूर केली, ‘बान २०००’. तिचं सूत्र होतं: शक्य तितकं जलद जायचं नाही, गरजेपुरतं जलद जायचं.

गरज कोण ठरवणार? घड्याळ. मोठ्या जंक्शनमध्ये सगळ्या दिशांच्या गाड्या पूर्ण तासाच्या जरा आधी येतात, लोक फलाट ओलांडून गाडी बदलतात, आणि तास उलटल्यावर सगळ्या गाड्या निघतात. हे साधायला दोन जंक्शनांमधला प्रवास एक तासाच्या किंचित आत बसायला हवा. बर्न–झुरिकला तासापेक्षा थोडं जास्त लागत होतं. सव्वा तासाची गाडी जंक्शनला पोचते तेव्हा पुढच्या सगळ्या गाड्या नुकत्याच सुटलेल्या असतात, म्हणजे ती तशी दोन तासांचीच. म्हणून माटश्टेटन ते रोटरिस्ट असा ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला, ताशी २०० चा, आणि प्रवास ५६ मिनिटांवर आणला. ५६ वर आल्यावर थांबले. ४५ मिनिटांवर नेण्यासाठी आणखी बोगदे खणले नाहीत, कारण तिथे अकरा मिनिटं लवकर पोचून प्रवासी फलाटावरच उभा राहिला असता. १२ डिसेंबर २००४ च्या पहाटे जवळजवळ सगळ्या देशाचं वेळापत्रक एकाच वेळी बदललं आणि ते चाललं.

मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा आपल्या वहीतले सेकंद मला फार एकाकी वाटले. मी एका गाडीचा वेग मोजत होते. त्यांनी आधी वेळापत्रक आखलं आणि मग त्याला लागतील तेवढेच रूळ टाकले. जगात बहुतेक ठिकाणी आधी मार्ग बांधतात, उद्घाटन करतात, आणि मग त्यावर गाड्या कशा बसवायच्या ते पाहतात. एखाद्या ठिकाणी गाडी पुन्हा सुरू करण्याचा विचार चालला असेल, तर माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: उतरल्यावर पुढची गाडी, पुढची बस, कधी आहे? आणि दुसरा: ही सुटली तर पुढची कधी? दिवसाला एकच गाडी असेल तर तिचा कमाल वेग ३०० असला काय नि १०० असला काय, चुकलेल्या माणसाला ती चोवीस तास उशिरा पोचवते.

याचा अर्थ मोठी झेप कधीच घेऊ नये असा मी काढत नाही. काही ठिकाणी जुन्या रुळांमधून काढता येण्यासारखं सगळं काढून झालेलं असतं. टोकियो–ओसाका मार्ग १९५० च्या दशकात तसाच भरून गेला होता. १९६० च्या सुमाराला सर्वात जलद गाडीला साडेसहा तास लागत. शिन्जी सोगो हे रेल्वेचे अध्यक्ष आणि हिदेओ शिमा हे मुख्य अभियंते यांनी संपूर्ण वेगळा मार्ग धरला: रुंद रूळ, एकही फाटक नाही, मालगाड्या नाहीत. १ ऑक्टोबर १९६४ रोजी शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली, चार तासांत पोचू लागली, वर्षभराने तीन तास दहा मिनिटांत. आज सर्वात जलद गाडी अडीच तासांच्या आत पोचते आणि गाड्या काही मिनिटांच्या अंतराने सुटतात. खर्च अंदाजाच्या दुपटीजवळ गेला म्हणून सोगो आणि शिमा दोघांनाही १९६३ मध्येच पद सोडावं लागलं होतं. उद्घाटनाच्या फलाटावर त्यांना बोलावलं गेलं नाही. हे वाचताना माझे डोळे दर वेळी भरून येतात.

फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस–लिऑनसाठी मधला रस्ता काढला. मोकळ्या मुलुखात नवा मार्ग आणि शहरात शिरताना जुनेच रूळ, जुनीच स्टेशनं. शहराच्या पोटातून नवा मार्ग नेण्याचा अवाढव्य खर्च टळला आणि वेगवान गाडी नवा मार्ग संपल्यावरही पुढे जुन्या रुळांवरून दूरच्या गावांपर्यंत जाऊ शकली. दोन वर्षांत मार्ग पूर्ण झाल्यावर तो प्रवास दोन तासांवर आला.

रात्रीच्या गाड्यांचा हिशेब निराळा. तिथे आठ तासांचे सहा करून उपयोग नाही, पहाटे चारला अनोळखी शहरात कोण उतरेल. झोपायच्या वेळी निघावं, उठायच्या वेळी पोचावं. युरोपात त्या परतल्या, काही पुन्हा गेल्या. पॅरिस–बर्लिन रात्रीची गाडी ऑस्ट्रियन रेल्वेने डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केली आणि फ्रान्सचं अनुदान थांबल्यावर दोनच वर्षांत थांबवली. दोन वर्षांत लोकांना एखादी गाडी आहे हे पुरतं कळतही नाही. माणसं गाडीच्या भरवशावर घरं घेतात, नोकऱ्या घेतात, म्हाताऱ्या आईला दर पंधरवड्याला भेटायचं ठरवतात. त्याला काळ लागतो. आधी गाडी टिकणार आहे यावर विश्वास बसावा लागतो.

गेल्या महिन्यात मी त्या जुन्या मार्गाने पुन्हा गेले. वहीत ‘९०’ ची ओळ सापडली, त्यावरून खांबांचे आकडे पाहिले आणि वेळेवर खिडकीशी येऊन बसले. पुलाला नवे गर्डर होते. भराव बाजूने दगडांच्या जाळ्यांनी बांधून काढला होता, खडी स्वच्छ, तिच्या कडा अजून बोथट व्हायच्या होत्या. पहिल्या खांबाला घड्याळ पाहिलं. पंचेचाळीस. पुढच्याला चव्वेचाळीस. मग पुन्हा पंचेचाळीस. शेजारच्या रस्त्यावर एक बस आमच्या बरोबरीने चालली होती. तिच्या खिडकीतली एक मुलगी गाडीकडे पाहत होती. थोडा वेळ आम्ही दोघी समोरासमोर राहिलो, मग ती हळूहळू खिडकीच्या मागच्या कडेला सरकत गेली. चौथा खांब कधी गेला ते मला कळलंच नाही.